गाडीच्या बाहेरील प्लॅस्टिक भागांचे ऊन-पावसापासून संरक्षण

गाडीच्या पत्र्यावरचा रंग फिका पडला की तो मालकाच्या नजरेतून सुटत नाही. पण बंपरचा खालचा काळा भाग, चाकांवरच्या कमानींच्या पट्ट्या, वायपरखालची जाळी किंवा छतावरच्या दांड्यांची टोके पांढुरकी पडू लागतात, तेव्हा तो बदल बरेच महिने धुळीच्या खाती जमा होतो. गाडी धुताना हे भाग पुन्हा काळेभोर दिसतात आणि वाळल्यावर राखाडी होतात, त्यामुळे तो समज आणखी पक्का होतो. वास्तविक हीच खूण सर्वांत महत्त्वाची आहे. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडलेल्या असतात आणि कोरडेपणी त्यांच्यावरून प्रकाश चहूकडे विखुरल्यामुळे प्लॅस्टिक फिके दिसते. पाणी त्या भेगा तात्पुरत्या भरते, म्हणून काळेपणा परतल्यासारखा वाटतो. ही अवस्था येण्याआधी, भाग नवे असतानाच, संरक्षण सुरू करणे हे नंतरच्या कोणत्याही दुरुस्तीपेक्षा सोपे आणि टिकाऊ असते. पुढील बहुतेक सूचना त्या काळासाठीच आहेत.

ऊन नेमके काय करते

सूर्यप्रकाशातील साधारण २९० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण जमिनीपर्यंत पोहोचतात आणि प्लॅस्टिकचे खरे नुकसान तेच करतात. बंपर आणि काळ्या पट्ट्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. धक्का सोसावा म्हणून त्यात रबर मिसळलेले असते आणि ताठपणा यावा म्हणून टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड. पॉलिप्रॉपिलीनच्या लांब रेणूसाखळ्यांवर काही हायड्रोजन अणू फार सैल बांधलेले असतात. अतिनील किरणांच्या ऊर्जेने ते सुटले की त्या जागी हवेतील ऑक्सिजन शिरतो, साखळी तुटते, आणि तुटताना निर्माण झालेले क्रियाशील तुकडे शेजारच्या साखळ्यांवर हल्ला करतात. ही क्रिया वरच्या अगदी पातळ थरातच चालते, पण तो थर आकसतो, ठिसूळ होतो आणि तडकतो. आतील टाल्क उघडी पडते. जुन्या पट्टीवर बोट फिरवल्यावर हाताला लागणारी पांढरी भुकटी म्हणजे मुख्यत्वे हीच.

कारखान्यात यावर उपाय केलेला असतोच. काळा रंग देणारे कार्बन ब्लॅक हे स्वतः अतिनील किरण उत्तम शोषून घेते, आणि त्याच्या जोडीला प्रकाश-स्थिरक रसायने मिसळलेली असतात, जी ते क्रियाशील तुकडे निकामी करतात. मात्र हा साठा अमर्याद नसतो. वर्षानुवर्षे उन्हात वापरला जाऊन आणि पृष्ठभागावरून धुतला जाऊन तो कमी होत जातो. बाहेरून लावलेल्या थराचे काम हा साठा अधिक काळ पुरवणे एवढेच आहे. नव्याने तो कोणी भरू शकत नाही.

उष्णता या क्रियेला वेग देते. काळा पृष्ठभाग भर उन्हात भोवतालच्या हवेपेक्षा पुष्कळ अधिक तापतो, आणि तापलेल्या प्लॅस्टिकवर अचानक पाऊस पडला की वरचा ठिसूळ थर आतील थराच्या आधी आकुंचन पावून भेगा वाढवतो. पावसाचे पाणी पॉलिप्रॉपिलीनला थेट खात नाही; ते तुटलेला थर धुऊन नेते आणि खालचा ताजा थर उन्हापुढे उघडा करते. ढगाळ हवामानामुळे सुटका होते असेही नाही, कारण विरळ ढगांतून अतिनील किरणांचा बराच मोठा वाटा खाली येतो. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीला हे किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांचा मोठा भाग परत फेकतो, त्यामुळे थंड पहाडी प्रदेशातील गाड्यांचे प्लॅस्टिकही तितकेच, कधी कधी अधिक, उतरते.

कोणता भाग कशाचा आहे

सर्व काळ्या भागांना एकच द्रव पुसणे ही सार्वत्रिक सवय आहे आणि ती पूर्णतः योग्य नाही. सुटा केलेला कोणताही भाग उलटा करून पाहिला तर आतल्या बाजूला दोन कोनी चिन्हांच्या मध्ये साहित्याचे संक्षेप उमटवलेले दिसतात. तेथे पीपी असेल तर पॉलिप्रॉपिलीन. त्यापुढे ईपीडीएम असेल तर त्यात रबर मिसळलेले आहे. टीडी आणि पुढे २० असा आकडा असेल तर त्यात वीस टक्के टाल्क आहे. एबीएस हे साहित्य ग्रिल, आरशांची कवचे आणि क्रोमचा मुलामा दिलेल्या पट्ट्यांसाठी वापरतात. त्यातील रबरी घटक अतिनील किरणांपुढे फार दुबळा असल्याने ते बहुधा रंगवलेले किंवा मुलामा दिलेले असते. उघडे ठेवायचे असेल तेथे त्याऐवजी एएसए वापरले जाते, ज्यात तो घटक बदललेला असतो आणि जे उन्हात बरेच अधिक टिकते. हेडलाइटचे पारदर्शक आवरण पॉलिकार्बोनेटचे, तर मागच्या दिव्यांचे लाल आवरण बहुधा अ‍ॅक्रिलिकचे असते.

रंगवलेल्या बंपरची काळजी वेगळी घ्यावी लागत नाही. त्यावरील पारदर्शक लाखेच्या थरात अतिनील किरण शोषणारे घटक असतात, त्यामुळे तो पत्र्याप्रमाणेच धुवावा आणि त्याला पत्र्याप्रमाणेच मेण किंवा सीलंट (वाळून संरक्षक थर सोडणारे द्रव) लावावे. खरा प्रश्न न रंगवलेल्या, खडबडीत पोताच्या काळ्या भागांचा आणि हेडलाइटचा आहे.

स्वच्छता

संरक्षक थर टिकला नाही अशी तक्रार असते तेव्हा दोष बहुतेक वेळा खालच्या मळाचा असतो. थर प्लॅस्टिकला चिकटण्याऐवजी जुन्या तेलाला, रस्त्यावरच्या डांबराला किंवा आधीच्या चमकदार द्रवाच्या अवशेषांना चिकटतो आणि पहिल्या दोन-तीन धुण्यांत त्यांच्याबरोबर निघून जातो. म्हणून या टप्प्याला प्रत्यक्ष थर लावण्यापेक्षा अधिक वेळ द्यावा.

गाडी सावलीत उभी करावी आणि भाग हाताला गार लागेपर्यंत थांबावे. आधी भरपूर पाण्याने मोकळी माती काढावी. जलदाबाचे यंत्र वापरत असल्यास त्याचे तोंड पट्ट्यांपासून किमान हातभर लांब ठेवावे, कारण जवळून मारलेला झोत पट्टीच्या कडेखाली शिरून तिच्या खुंट्या सैल करतो. नंतर उदासीन पीएच असलेल्या, म्हणजे आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी नसलेल्या, कार शाम्पूने धुवावे. खडबडीत पोतात बसलेला मळ कापडाने निघत नाही, त्यासाठी मऊ केसांचा ब्रश लागतो. सर्वोपयोगी क्लीनर लेबलवर दिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून, ब्रश गोलाकार फिरवत, एका वेळी हातभर लांबीचा भाग घ्यावा आणि क्लीनर वाळण्याआधी धुऊन टाकावा. फेस करडा किंवा तपकिरी येत असेल तोपर्यंत पुन्हा करावे. पांढरा फेस आला की थांबावे.

पत्र्याला मेण लावताना शेजारच्या काळ्या पट्टीवर उमटलेले पांढरे डाग हा एक चिवट प्रकार आहे. कार्नोबा मेण ८० अंश सेल्सियसच्या वर वितळते, त्यामुळे गार पाण्याने ते हलत नाही. केस वाळवण्याच्या यंत्राने पट्टी किंचित गरम करून क्लीनर आणि ब्रश वापरल्यास ते सुटते, आणि लहान डागासाठी साधा पांढरा खोडरबरही पुरतो. पुढच्या वेळी पट्टीच्या कडेला मास्किंग टेप लावणे यापेक्षा सोपे.

धुतल्यावर भाग पूर्ण वाळू द्यावेत. पोतातील खळग्यांत आणि सांध्यांत पाणी दडून राहते, म्हणून वाऱ्यावर तासभर ठेवणे बरे. टिकाऊ थर लावायचा असेल तर शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन मायक्रोफायबर कापडाने पुसावे, म्हणजे उरलेले तेल निघते. हे मिश्रण मागच्या दिव्यांच्या अ‍ॅक्रिलिकला मात्र लावू नये. ताणाखाली असलेल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये अल्कोहोलमुळे केसासारख्या बारीक चिरा पडतात. पेट्रोल, थिनर आणि अ‍ॅसिटोन तर कोणत्याच प्लॅस्टिकजवळ आणू नयेत.

काय लावावे

बाजारातील उत्पादनांची नावे असंख्य असली तरी प्रकार मोजकेच आहेत, आणि निवड करताना चमक हा निकष पूर्णपणे बाजूला ठेवावा. सर्वांत जास्त चमकणारी उत्पादने बहुधा सिलिकॉन तेल आणि विद्रावकाची असतात. लावताच भाग ओलेकाळे दिसतात, पण तेल पृष्ठभागावरच राहते, धूळ पकडते, पावसात ओघळून पत्र्यावर रेषा पाडते आणि काही दिवसांत संपते. त्यांत अतिनील किरण शोषणारा घटक नसेल तर संरक्षण जवळजवळ शून्य. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिलेल्या भागावर रंग दिला तर रंगात वाटोळे खळगे पडतात, त्यामुळे बंपर रंगवायला देण्याआधी रंगाऱ्याला याची कल्पना देणे आवश्यक असते.

पाण्यावर आधारित, दुधासारखी दिसणारी ड्रेसिंग, म्हणजे प्लॅस्टिकवर पुसायची संरक्षक द्रवे, ही साध्या वापरासाठी चांगली निवड आहे. ती वाळल्यावर चिकट राहत नाहीत, रबरी पट्ट्यांनाही चालतात, आणि लेबलवर अतिनील संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख असलेली निवडल्यास काही आठवडे काम देतात. त्यांचा तोटा एवढाच की ती पुन्हा पुन्हा लावावी लागतात, आणि माणूस दुसऱ्या-तिसऱ्या वेळेनंतर कंटाळतो. ज्याला हे नियमित करणे जमणार नाही त्याने पॉलिमर सीलंट घ्यावे, जे काही महिने टिकते, किंवा प्लॅस्टिकसाठीचे सिरॅमिक कोटिंग घ्यावे, जे नीट लावल्यास वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकते. सिरॅमिक कोटिंगमधील सिलिकायुक्त रेझिन पृष्ठभागाशी घट्ट बांधले जाऊन कडक होते. ते तेलासारखे धुऊन जात नाही, हाच त्याचा मुख्य फायदा. पत्र्यासाठीचे कोटिंग खडबडीत प्लॅस्टिकवर वापरू नये, कारण ते ठिपक्याठिपक्यांनी चमकते.

माझे मत विचारल्यास, नव्या गाडीच्या काळ्या भागांना पहिल्या महिन्यातच सिरॅमिक कोटिंग लावावे आणि दारांच्या रबरांसाठी पाण्यावर आधारित ड्रेसिंग ठेवावे. दोन बाटल्यांत काम भागते. मोठ्या आघाताच्या जागी, म्हणजे बंपरच्या वरच्या कडेवर किंवा डिकीच्या उंबऱ्यावर, पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म लावता येते, पण ती गुळगुळीत पृष्ठभागालाच नीट चिकटते.

लावण्याची रीत

सीलंट किंवा ड्रेसिंग थेट भागावर फवारू नये. फोमच्या लहान पॅडवर थोडेसे घेऊन ते पोतात जिरेल अशा रीतीने आडवे आणि मग उभे फिरवावे, पाच-दहा मिनिटे थांबावे आणि कोरड्या कापडाने जादाचे पुसून टाकावे. पुसण्याचा हा भाग लोक गाळतात, आणि पहिल्या पावसात दारांवर ओघळ दिसले की उत्पादनाला दोष देतात. जुने प्लॅस्टिक अधिक शोषते. पहिला हात तासाभरात मंद पडला तर दुसरा द्यावा.

सिरॅमिक कोटिंगला अधिक शिस्त लागते. हातमोजे घालावेत, हवा खेळती असावी, शेजारच्या रंगावर आणि काचेवर मास्किंग टेप लावावी, आणि एका वेळी वीतभर-दोन वीत लांबीचाच तुकडा घ्यावा. कोटिंग पसरल्यावर बाटलीवर दिलेल्या वेळेत ते मायक्रोफायबरने एकसारखे करावे. तो वेळ हुकला तर जाड राहिलेल्या जागी चमकदार डाग कडक होतो. पत्र्यावर तो पॉलिशने काढता येतो, खडबडीत प्लॅस्टिकवर येत नाही, कारण पॉलिशच पोतात अडकून बसते. म्हणून दिसणाऱ्या भागाआधी चाकाच्या कमानीच्या आतल्या बाजूला एक तुकडा करून पाहावा. वापरलेले कापड कोटिंगसह कडक होते व पुढे ओरखडे पाडते, ते टाकून द्यावे. त्यानंतर किमान बारा तास, शक्यतो पूर्ण एक दिवस, भागाला पाणी लागू देऊ नये, आणि पहिला आठवडा शाम्पू टाळावा.

पाय ठेवण्याच्या पायऱ्या, पेडल, वायपरची पाती आणि टायरचा रस्त्याला लागणारा भाग यांना यांपैकी काहीही लावू नये.

थर शिल्लक आहे का हे पाहण्यासाठी धुतल्यावर पाण्याकडे लक्ष द्यावे. थेंब गोल राहून घरंगळत असतील तर थर काम करत आहे. पाणी सपाट पसरून प्लॅस्टिक गडद होत असेल तर पुन्हा लावण्याची वेळ झाली आहे. कॅलेंडरपेक्षा ही खूण अधिक विश्वासार्ह आहे, कारण रोज उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचा थर छताखालच्या गाडीपेक्षा फार लवकर संपतो, आणि एकाच गाडीतही वायपरखालची जाळी उभ्या पट्ट्यांच्या आधी उघडी पडते, कारण ती आडवी असून वरून येणारे ऊन दिवसभर झेलते.

हेडलाइट

पॉलिकार्बोनेट धक्क्याला अतिशय चिवट, पण उन्हाला दुबळे असते. अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंची फेरमांडणी होऊन पिवळी संयुगे तयार होतात. म्हणून कारखान्यातच त्यावर काही मायक्रॉन जाडीचा कडक संरक्षक लेप दिलेला असतो. हेडलाइट पिवळा पडतो याचा अर्थ तो लेप झिजला आहे, आणि हा विषय केवळ दिसण्याचा नसून रात्रीच्या उजेडाचा आहे.

लेप शाबूत असेपर्यंत काम सोपे आहे. हेडलाइट कोरड्या कापडाने कधीही पुसू नये, काच पुसण्याचे अमोनियायुक्त द्रव वापरू नये, आणि पत्र्याला जे सीलंट लावतो तेच येथेही लावावे. पारदर्शक संरक्षक फिल्म नव्या हेडलाइटवर लावणे हा सर्वांत टिकाऊ उपाय आहे, मात्र दिव्यांवरील फिल्मविषयी आपल्या भागातील वाहन-नियम आधी पाहावेत.

लेप गेलाच असेल तर उरलेला पूर्ण काढून नवा द्यावा लागतो. भोवतीच्या रंगावर टेप लावून पाण्यासह ८०० किंवा १००० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने सुरुवात करावी, मग १५००, २००० आणि ३००० असे चढत जावे. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा बदलली की आधीच्या कागदाचे ओरखडे गेले की नाहीत ते दिसते. शेवटी प्लॅस्टिक पॉलिश फिरवावे आणि त्याच दिवशी अतिनील-रोधक लेप द्यावा. हा शेवटचा टप्पा गाळल्यास लखलखीत झालेला हेडलाइट काही महिन्यांत आधीपेक्षा वाईट होतो, कारण आता त्याच्यावर काहीच उरलेले नसते. दंतमंजनाने हेडलाइट चमकवण्याचा प्रसिद्ध उपाय नेमका येथेच फसतो: तो बारीक घासकागदाचे काम करतो आणि उरलासुरला लेपही नेतो. धूसरपणा आतल्या बाजूने असेल तर बाहेरून काहीही करून उपयोग नाही.

आधीच पांढरे पडलेले भाग

हलके फिकेपण असेल तर कसून स्वच्छता आणि दोन हात सीलंट पुरेसे ठरतात. भुकटी हाताला लागण्याइतके झाले असेल तर रंगद्रव्य असलेले ट्रिम रिस्टोरर वापरावे. ते भेगांत काळा रंग भरते आणि वर पातळ थर सोडते. हे बोटांना आणि शेजारच्या रंगाला डागते, त्यामुळे टेप आणि हातमोजे आवश्यक आहेत.

गरम हवेच्या बंदुकीने पट्टी तापवून ती क्षणात काळी करण्याचा प्रकार पाहायला मोठा आकर्षक वाटतो. त्यात वरचा तडकलेला थर मऊ होऊन भेगा मिटतात, म्हणून काळेपणा परततो; पण संपलेली स्थिरके परत येत नाहीत आणि फिकेपणही कालांतराने परत येते. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ अंशांना वितळते आणि बंदुकीची हवा त्याच्या कितीतरी पुढे जाते, त्यामुळे हात क्षणभर थांबला तरी पोत सपाट होऊन कायमचा चट्टा पडतो. करायचेच असेल तर सुट्या केलेल्या, बिनमहत्त्वाच्या भागावर करावे आणि गार झाल्यावर लगेच संरक्षक थर द्यावा.

रंग देणे हा शेवटचा उपाय. पॉलिप्रॉपिलीनला रंग सहज धरत नाही. आधी रंग चिकटवून ठेवणारा खास आसंजक प्रायमर दिला नाही तर तो सालीसारखा सोलून निघतो. खाद्यतेल, बुटाचे पॉलिश आणि डिझेल यांविषयी एवढेच सांगणे पुरे की ती भेगा भरून काळेपणा दाखवतात, धूळ धरतात, आणि डिझेल तर शेजारचे रबर फुगवते.

गाडी उभी करताना

कोणत्याही बाटलीपेक्षा सावली अधिक संरक्षण देते. पक्के छत नसेल तर दुपारच्या उन्हात इमारतीची सावली कोणत्या बाजूला पडते ते पाहून जागा निवडावी, आणि जागा ठरलेलीच असेल तर गाडी अधूनमधून उलट तोंड करून लावावी; वर्षानुवर्षे एकाच दिशेने उभ्या गाडीची एक बाजू स्पष्टपणे अधिक फिकी पडते. झाडाची सावली चालते, पण पक्ष्यांची विष्ठा आणि चीक त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून काढावा.

गाडीचे आच्छादन उपयोगी आहे, मात्र ते हवा खेळणाऱ्या कापडाचे असावे आणि स्वच्छ, कोरड्या गाडीवरच घालावे. धुळीच्या गाडीवर वाऱ्याने फडफडणारे आच्छादन हेडलाइटचा लेप घासून काढते, आणि हवाबंद प्लॅस्टिकच्या कापडाखाली ओल कोंडते.

ठिसूळ झालेल्या भागाला मात्र कोणताही थर पूर्वस्थितीत आणत नाही. पट्टीची कडा अंगठ्याने हलकी दाबल्यावर ती वाकण्याऐवजी कटकट आवाज करत असेल, किंवा वायपरखालच्या जाळीला आरपार तडे गेले असतील, तर तो भाग बदलावा. त्या जाळीचे काम समोरच्या काचेवरून उतरणारे पाणी बाजूला वळवण्याचे आहे, आणि ती फुटल्यास तेच पाणी खालच्या मोटारीवर आणि विजेच्या जोडण्यांवर पडते. नवा भाग आणल्यावर तो बसवण्याआधी टेबलावर ठेवून, कडा आणि खाचांसह, कोटिंग लावून घ्यावे आणि एक दिवस वाळू द्यावे, कारण गाडीवर बसवल्यानंतर त्या कडांपर्यंत पॅड पोहोचत नाही आणि भेगांची सुरुवात बहुधा तेथूनच होते.